ड्यूटीच्या यादीत एकच नाव

डिसेंबर १९६१मध्ये इराणच्या आखातात असलेल्या ‘द्वारका’ नावाच्या बोटीवरून डेकवरचा एक खलाशी नाहीसा झाला. दोन-तीन दिवसांपूर्वी त्याने छातीत दुखत असल्याची तक्रार केली होती. मध्यरात्रीनंतर तो डेकवर दिसला होता, त्याला परत पाठवलंही होतं. सकाळी मात्र तो बोटीवर कुठेच सापडला नाही आणि प्रेतही मिळालं नाही. त्याच्या वडिलांनी मुंबईत कामगार नुकसानभरपाईचा दावा लावला. आयुक्तांनी तो फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा फेटाळला. मृत्यू कामामुळे आणि काम चालू असताना झाला, हे दाखवण्याचा भार दावा करणाऱ्यावर असतो, असं न्यायालयाने सांगितलं. परिस्थितीवरून अनुमान काढता येतं, पण त्या अनुमानाला काही आधार लागतो. इथे तो नव्हता, कारण तो पाण्यात पडला, त्याने उडी मारली की आणखी काही घडलं, हे पाहणारं कुणी नव्हतं.

‘मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध इब्राहिम महंमद इसाक’ या नावाचा हा निकाल कामगार कायद्याच्या वकिलांना आजही पाठ असतो. एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचार इथूनच सुरू करावा असं मला वाटतं. अपघात झाला तर मदतीला कुणी नाही, हा त्यांचा पहिला तोटा सगळ्यांना दिसतो. दुसरा सहसा बोलला जात नाही. एकट्याचा अपघात सिद्ध करायलाही कुणी नसतं. सोबत जोडीदार असता तर तो खलाशी कदाचित वाचला नसता, पण त्याच्या बापाला निदान साक्षीदार मिळाला असता.

एकटं काम म्हटलं की दीपगृह किंवा जंगलातली चौकी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात हे लोक आपल्या रोजच्या वाटेवर असतात. सोसायटीच्या गेटवर बारा तास बसलेला रखवालदार, खांबावर चढलेला वायरमन, रुळावरून चालणारा कीमन, वाडीवस्तीवर फिरणारी आशाताई, पेट्रोल पंपावर रात्रपाळीला असलेला पोरगा, चौथ्या मजल्यावर पार्सल घेऊन जाणारा डिलिव्हरीवाला, उसाला पाणी द्यायला गेलेला शेतकरी. यातले फार थोडे निर्जन जागी असतात. गजबजलेल्या इमारतीतही माणूस कामापुरता एकटाच असू शकतो. हे एकटेपण निसर्गाने दिलेलं नाही. कुणीतरी ड्यूटीची यादी लावताना दोनऐवजी एक नाव लिहिलं, रिलीव्हर न देता पाळी लांबवली, चार गावांना एकच माणूस नेमला, म्हणून ते आलं. एवढं मान्य केलं की सुरक्षिततेची चर्चा हेल्मेट, शिटी आणि मोबाइल ॲप यांच्यापाशी थांबत नाही, माणसं नेमण्यापर्यंत जाते. तिथे पोचली की ती बहुधा गुंडाळली जाते.

आपल्या कायद्याला दुसऱ्या माणसाचं महत्त्व ठाऊकच नव्हतं असं नाही. कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम ३६मध्ये टाकी, खड्डा, चेंबर अशा बंदिस्त जागेत उतरण्याबद्दल नेमकी तरतूद होती. आत विषारी वायू नाही याचं सक्षम व्यक्तीने दिलेलं लेखी प्रमाणपत्र हवं. नाहीतर उतरणाऱ्याकडे श्वसनाचं साधन हवं, कमरेच्या पट्ट्याला दोर हवा आणि त्या दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं. त्या दोराच्या टोकाला माणूस असणं हे कायद्याने लिहून ठेवलं होतं, आणि कामगार सुरक्षेच्या सगळ्या पुस्तकांत मला हेच वाक्य सर्वांत शहाणं वाटतं. एप्रिल २०२४मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या रबडीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. वाचला तो एकटा कमरेला दोर बांधून उतरला होता. गटारांच्या चेंबरमध्ये आपल्याकडे वर्षानुवर्षं हेच घडतं. हाताने मैला साफ करण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे, ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूसाठी भरपाई ३० लाखांवर नेली, तरी चेंबरच्या तोंडाशी उभा असलेला जोडीदार रिकाम्या हाताने उभा असतो आणि मग तोही आत उडी घेतो. त्यामुळे ‘दोन माणसं द्या’ एवढं म्हणून भागत नाही. दुसऱ्याला काय करायचं आणि काय करायचं नाही, हे शिकवलेलं असावं लागतं.

कलम ३६ कारखान्याच्या कुंपणात राहिलं. कुंपणाबाहेरचा सर्वांत ठळक एकटा माणूस म्हणजे वायरमन. महावितरणने त्याला ‘जनमित्र’ असं गोड नाव दिलं आहे, पण गावात तो वायरमनच. कागदावरची पद्धत चोख आहे. उपकेंद्रातल्या यंत्रचालकाकडून परमिट घ्यायचं, फीडर बंद झाल्याची खात्री करायची, टेस्टर लावून पाहायचं, डिस्चार्ज रॉडने काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं आणि मगच वर चढायचं. यातला प्रत्येक टप्पा एकट्याला करता येतो, आणि अडचण तिथेच आहे. पाऊस कोसळतोय, चार वाड्या अंधारात आहेत, फोनवर फोन येतायत, अशा वेळी परमिट फोनवरच घेतलं जातं, दोन रॉडऐवजी एकच लावला जातो, कधी तोही गाडीतच राहतो. ‘अरे, रॉड लावला का?’ असं खालून विचारणारं कुणी नसतं. शिवाय बंद केलेल्या लाइनवरही वीज उलटी येऊ शकते. कुणाच्या दुकानातला जनरेटर चुकीचा जोडलेला असतो, कुठे शेजारच्या फीडरची तार खाली टेकलेली असते. वायरमन याला ‘रिटर्न सप्लाय’ म्हणतात आणि त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलतो. खाली उभा असलेला माणूस वीज थांबवू शकत नाही. पण रॉड लावल्याशिवाय चढू न देणं, कुणी मधेच लाइन चालू करू नये म्हणून फोन धरून बसणं, झटका बसलाच तर सप्लाय तोडून छातीवर दाब देणं, ही कामं त्याचीच. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटंच मोलाची असतात, आणि खांबाखाली कुणी नसेल तर ती मिनिटं कुणाच्याच नसतात.

कंत्राटी पद्धतीने यात आणखी गुंता केला आहे. कायम तंत्रज्ञाच्या हाताखाली बाहेरून घेतलेला मुलगा, त्याच्या हाताखाली गावातला होतकरू पोरगा. शेवटी खांबावर कोण चढलं याची कागदावर नोंदच नसते. अपघात झाल्यावर ‘त्याला चढायला सांगितलंच नव्हतं’ असं उत्तर मिळतं. त्या बोटीवरच्या खलाशाचा खटला असा गावोगाव पुन्हा उभा राहतो, फक्त तो न्यायालयापर्यंत पोचत नाही.

रेल्वेकडे मात्र एकट्या माणसाचा फार जुना आणि विचारपूर्वक घडवलेला अनुभव आहे. कीमन रोज सकाळी आपल्या बीटवर हातोडा आणि पाना घेऊन एकटा चालत जातो, सैल झालेल्या किल्ल्या ठोकतो, तडे पाहतो. पावसाळ्यात रात्री पेट्रोलमन निघतो. त्याच्याजवळ बत्ती, शिटी आणि रुळावर लावायचे फटाके असतात. रोहा ते ठोकूर या साधारण ७४० किलोमीटरच्या कोकण रेल्वेवर दर पावसाळ्यात अशी सहाशेहून अधिक माणसं गस्तीवर असतात. २००३चा वैभववाडीजवळचा आणि २००४चा करंजाडीजवळचा अपघात, दोन्ही जूनमधले, दोन्ही दरडीचे. कोकणात पाऊस नुसता पडत नाही, तो डोंगर घेऊन खाली येतो, याची आठवण ठेवूनच ही गस्त लावली जाते.

पेट्रोलमनला रुळावर दरड दिसली तर त्याने काय करायचं, याचे नियम वाचताना अंगावर काटा येतो. ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावायचे. गाडीचं चाक त्यांवरून गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर थांबतो. पण एकेरी मार्गावर गाडी दोन्ही बाजूंनी येऊ शकते आणि माणूस एकच असतो. तेव्हा नियम सांगतो की बत्ती दरडीच्या जागी लावून ठेव आणि ज्या बाजूची गाडी आधी येईल त्या बाजूला पळ. अंधारात, पावसात, निसरड्या खडीवरून सव्वा किलोमीटर. मग परत फिरून दुसरी बाजू. जंगली जनावरं, साप, चोर-दरोडेखोर यांचं भय असलेल्या भागात गस्त दोघांची ठेवता येते, असंही नियमपुस्तकात आहे. म्हणजे एकट्याचा धोका कुणाला कळलाच नव्हता असं नाही. तो कधी मानायचा याचा अधिकार वरच्याकडे ठेवला आहे.

याच नियमांत एक लहानसं कलम आहे. पेट्रोलमन ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत पोचला नाही, तर स्टेशनमास्तरने पुढच्या स्टेशनला कळवायचं, गाड्यांना वेग कमी ठेवण्याचा सावधगिरीचा आदेश द्यायचा आणि मार्ग सुरक्षित असल्याची खात्री होईपर्यंत तो उठवायचा नाही. उपग्रह नाही, ॲप नाही, नुसतं वेळापत्रक आणि घड्याळ. जगभर ज्याला आज एकट्या कामगाराची ‘चेक-इन’ पद्धत म्हणतात आणि जिच्यासाठी कंपन्या महिन्याला वर्गणी घेतात, ती इथे फार आधीपासून आहे. पण नीट पाहिलं तर हे कलम पेट्रोलमनसाठी नाही, गाडीसाठी आहे. माणूस आला नाही याचा अर्थ रूळ बिघडला असेल, म्हणून चौकशी. त्याच्या जिवाची चौकशी त्या ओघात होऊन जाते.

मुंबईच्या लोकलमधला ‘डेडमन्स हँडल’ याच जातीचा. मोटरमन केबिनमध्ये एकटा असतो. हँडलवरचा त्याचा दाब सुटला की ब्रेक लागतात. त्याला चक्कर आली, हृदयविकाराचा झटका आला, तरी मागचे हजारो प्रवासी सुखरूप. उपकरण उत्तम आहे, त्याचं नावही प्रामाणिक आहे. मोटरमन वाचावा यासाठी ते बनवलेलं नाही. एकट्या माणसाची दखल आपली व्यवस्था बहुतेक तेव्हाच घेते, जेव्हा त्याच्या जाण्याने दुसऱ्या कुणाचं अडतं. वायरमन पडला तर वीज फार तर उशिरा येते, आशाताई पोचली नाही तर एक रकाना रिकामा राहतो, रखवालदार झोपला की मेला हे सकाळी कळलं तरी चालतं. म्हणून तिथे पंधरा मिनिटांचं कलम नाही.

रेल्वेने तरी आपल्या माणसांना राखलं का? अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२मध्ये अहवाल दिला. त्यात २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात कामावर मरण पावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा आकडा सुमारे १६०० होता. त्याच काळात गाड्यांच्या अपघातांत गेलेल्या लोकांपेक्षा तो जास्त होता. पण वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले ते गाड्यांच्या अपघातांचे. रुळावरचा माणूस अनेकदा एका गाडीला वाट देताना शेजारच्या रुळावरच्या गाडीखाली सापडतो. त्यासाठी ‘रक्षक’ नावाचं यंत्र आलं. गाडी जवळ येतेय हे ते रेडिओ लहरींवरून हातातल्या संचाला कळवतं. ते सगळ्या मार्गांवर पोचलेलं नाही. त्याच्या तुलनेत कीमन आणि पेट्रोलमन यांच्याकडे जीपीएसची यंत्रं मात्र भराभर आली. ती घेणाऱ्यांच्या मनात पहिल्यापासून एक शंका आहे, आणि मला ती रास्त वाटते. या यंत्राने साहेबाला मी कुठे आहे हे कळतं, पण मला गाडी कुठे आहे हे कळत नाही.

बटण, घड्याळ, बेल्टला लावायचा संच अशा सगळ्या यंत्रांना हाच प्रश्न विचारावा लागतो. तिकडे ऐकणारा कोण आणि तो किती वेळात पोचणार? माणूस आडवा झाला की आपोआप इशारा देणारी यंत्रं परदेशात सर्रास वापरली जातात आणि ती चांगली आहेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या, रखवालीचं काम करणाऱ्या एकट्या कामगारांना धोक्याचं बटण देणं २०२०पासून बंधनकारक केलं. मोठ्या हॉटेलात ते उपयोगी पडतं, कारण खालच्या मजल्यावर माणसं असतात. भामरागडच्या एखाद्या वस्तीवर किंवा मेळघाटातल्या घाटरस्त्यावर नेटवर्कच नसेल, किंवा पलीकडून गाडी यायला दोन तास लागणार असतील, तर बटण खिशात असून नसल्यासारखंच.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने याचं उत्तर वेगळं दिलं. मार्च २०१६मध्ये तिथल्या दूर वाळवंटी भागातल्या फ्रेगॉन वस्तीत परिचारिका गेल वुडफर्ड यांची हत्या झाली. रात्री कुणीतरी मदतीसाठी घराबाहेर बोलावलं आणि त्या एकट्या गेल्या, असं ते प्रकरण. त्यानंतर त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि २०१९मध्ये अमलात आला. दुर्गम भागात वेळेबाहेर रुग्णाकडे जाताना आरोग्य कर्मचाऱ्यासोबत दुसरी व्यक्ती असलीच पाहिजे. यंत्राचा पर्याय दिला नाही, माणूस दिला.

आपल्याकडे कायद्याला एकटा माणूस दिसतो तो बहुधा बाई असेल तेव्हा, आणि तोही रात्री. कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ने सायंकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत बाईला कामावरच ठेवू नका म्हटलं. प्रश्न सुटला, कारण बाई उरली नाही. पुढे परवानग्या सैल झाल्या. खाणींत २०१९मध्ये जमिनीवरच्या कामासाठी रात्रपाळी खुली करताना अट घातली की पाळीत किमान तिघी हव्यात. ही अट योग्य दिशेची होती, कारण ती संख्येबद्दल बोलते. एरवी आपली चर्चा चारित्र्य, घरच्यांची संमती, सोडायला गाडी अशा वळणांनी जाते.

केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला तो ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलताना. मुंबईतल्या परिचारिका तेव्हा संपावर गेल्या, त्यांच्या मागण्यांत स्वतःची सुरक्षितताही होती. त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पुढे चार दशकं त्या नावाभोवती जो विचार झाला तो मरणाच्या हक्काचा, आणि ७ मार्च २०११चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्याबद्दलच आहे. परिचारिकेला कपडे बदलायला तळघरात एकटीने का जावं लागत होतं, हा साधा प्रश्न त्या मानाने कुठेच नोंदला गेला नाही. राजस्थानात भटेरी गावी साथिन, म्हणजे सरकारी योजनेतली गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून बालविवाह थांबवायला एकट्याने दारोदार फिरणाऱ्या भंवरी देवींवर १९९२मध्ये अत्याचार झाला. त्यातून १९९७चा विशाखा निकाल आणि २०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा आला. त्या कायद्यात एक गोष्ट फार चांगली झाली. कामानिमित्त जिथे जाल ती प्रत्येक जागा, प्रवासाचं वाहन, दुसऱ्याचं घरसुद्धा, कामाचं ठिकाण ठरलं. पण तो घटना घडल्यानंतरच्या तक्रारीचा कायदा आहे. बाई तिथे एकटी का पाठवली, हे तो विचारत नाही.

पुण्यात नोव्हेंबर २००७मध्ये बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीचा कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने खून केला. त्यानंतर पहिली चढणारी किंवा शेवटची उतरणारी स्त्री असेल तर गाडीत रक्षक, हा शिरस्ता आयटी कंपन्यांत रुजला. २९ जानेवारी २०१७ला, रविवारी, हिंजवडीतल्या एका कार्यालयात एकटीच काम करत असलेल्या अभियंता तरुणीचा खून झाला आणि पकडला गेला तो तिथला सुरक्षारक्षक. एकटीच्या रक्षणासाठी आणखी एकटा माणूस उभा करणं म्हणजे संरक्षण नव्हे. दोघांवरही तिसऱ्याची नजर असावी लागते. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने काढलेल्या उपायांत, शक्य तिथे स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये, असंही एक कलम होतं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ते खोडून काढायला सांगितलं. १९४८चं कलम ६६ अजून आपल्या डोक्यातून गेलेलं नाही, हे त्यावरून दिसलं. ती डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये विसावली होती. निवासी डॉक्टरांना कुलूप लागेल अशी विश्रांतीची खोली देणं हे बाईला घरी पाठवण्यापेक्षा स्वस्त आहे, आणि पुरुष डॉक्टरांच्याही उपयोगाचं.

पुरुष रखवालदाराकडे तर या सगळ्यातलं काहीच येत नाही. महाराष्ट्राने १९८१मध्ये सुरक्षारक्षकांसाठी वेगळा कायदा करून मंडळं स्थापली, पगार आणि भविष्यनिर्वाह निधीच्या दृष्टीने तो मोठा आधार झाला. पण मंडळाबाहेरच्या हजारोंना रिलीव्हर आला नाही की चोवीस तास तीच खुर्ची. लघवीला उठायचं तर गेट सोडावं लागतं.

आणि ज्यांना कायदा कामगारच मानत नाही, त्यांचं काय? महाराष्ट्रातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशा या सरकारदप्तरी स्वयंसेविका आहेत. कोविडमध्ये घरोघर सर्वेक्षण करताना त्यांच्यावर हल्ले झाले तेव्हा साथरोग कायद्यात २०२०मध्ये शिक्षा वाढवल्या गेल्या. त्यांना जोडीने पाठवावं, असं त्या दुरुस्तीत काही नव्हतं.

या राज्यात रात्री एकट्याने काम करणाऱ्यांचा बहुधा सर्वांत मोठा गट कुणाच्याही नोकरीत नाही. तो शेतात आहे. शेतीपंपाला वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असं चक्र वर्षानुवर्षं चाललं. रात्रीची लाइट आली की शेतकरी बॅटरी आणि फावडं घेऊन दारं धरायला निघतो. पाण्यात पाय, बाजूला उघडी पेटी, उसात काय आहे ते दिसत नाही. फुरसं, नाग, घोणस, विहिरीचा काठ, ओल्या हाताने दाबलेलं स्टार्टर. जुन्नर-शिरूर पट्ट्यात त्यात बिबट्याची भर. तिथल्या पिंपरखेडला २०२५मध्ये माणसं गळ्याभोवती खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना दिसली. सरकारचं उत्तर दोन प्रकारचं आहे. एक, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना, जी मृत्यू झाल्यावर वारसांना दोन लाख देते. दुसरं, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, जी २०१७मध्ये सुरू झाली आणि २०२३मध्ये नव्याने आखली गेली. तिचं आश्वासन दिवसा विजेचं आहे. तिची जाहिरात स्वस्त आणि हरित ऊर्जा म्हणून होते, पण माझ्या मते कामगार सुरक्षेच्या दृष्टीने ती राज्यातली सर्वांत महत्त्वाची योजना आहे. वेळापत्रक बदललं की साप, अंधार आणि एकटेपण हे तिन्ही धोके एकाच वेळी कमी होतात. दुपारी बांधावर शेजारी तरी असतो.

बाहेरच्या जगात याचे कायदे कसे झाले, हे थोडक्यात पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये एकट्याने काम करण्यावर सरसकट बंदी नाही. १९७४च्या कायद्याखाली आणि १९९९च्या नियमांनुसार मालकाने धोक्याचं मूल्यमापन करायचं, आणि पाणबुडे, बंदिस्त जागा अशा ठरावीक कामांना जोडीदार लागतोच. तिथली जागृती एका नाहीशा झालेल्या तरुणीपासून सुरू झाली. सूझी लॅम्पलू ही घरविक्रीचं काम करणारी मुलगी जुलै १९८६मध्ये लंडनमध्ये गिऱ्हाइकाला घर दाखवायला एकटी गेली आणि परत आली नाही. तिच्या नावाची संस्था आजही या प्रश्नावर काम करते.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताची गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे, कारण ती पुढे सरकून मागे आलेली आहे. मार्च २००५मध्ये ग्रँट डी पाटी हा पेट्रोल पंपावर रात्री एकटा असलेला २४ वर्षांचा तरुण बारा डॉलरचं पेट्रोल चोरून पळणाऱ्या गाडीला आडवा गेला. गाडीखाली अडकून तो सात किलोमीटरहून जास्त फरपटत गेला. आईवडिलांनी लढा दिला आणि २००८पासून दोन गोष्टी आल्या. पेट्रोलचे पैसे आधी घ्यायचे. आणि रात्री उशिरा दुकान चालवायचं तर एक तर दोन माणसं ठेवायची, नाहीतर कामगार आणि गिऱ्हाईक यांच्यात भक्कम अडसर उभारायचा. दुकानदारांनी खर्चाची तक्रार केली. २०१२मध्ये तिसरा पर्याय आला, ठरावीक वेळीच उघडणारी तिजोरी, कॅमेरे, लेखी सुरक्षा आराखडा. दुसऱ्या माणसाची जागा पुन्हा वस्तूंनी घेतली. पैसे आधी घेण्याचा नियम मात्र टिकला, कारण त्याने मालकाचाही फायदा होता.

आपल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या. त्यांतली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता मालकावर जागा शक्य तितकी धोकामुक्त ठेवण्याचं सर्वसाधारण कर्तव्य टाकते आणि स्त्रियांना संमतीने रात्रपाळी खुली करते. पण आस्थापना म्हणून ती मोजायला सुरुवात करते साधारण दहा कामगारांपासून. एकटा कामगार सर्वांत जास्त सापडतो तो एक-दोन माणसांच्या पंपावर, दुकानात, गोदामात, म्हणजे या मोजणीच्या बाहेर. आणि एकटेपण हा स्वतंत्र धोका म्हणून संहितेत कुठे नाव घेऊन येत नाही. त्यामुळे निरीक्षकाला हेल्मेट नाही असं लिहिता येतं, जोडीदार नाही असं लिहायला रकाना नसतो.

सगळीकडे दोन माणसं नेमणं परवडणार नाही, हे खरं आहे, आणि गरजेचंही नाही. वाचनालयात एकट्या बसलेल्या माणसाला जोडीदार कशाला? पण उंची, वीज, बंदिस्त जागा, रोकड, अनोळखी घर आणि रात्र यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की एक नाव पुरत नाही, एवढा नियम करायला फार अभ्यास लागत नाही. बाकीच्यांसाठी रेल्वेची पंधरा मिनिटं उसनी घेता येतील, या वेळी माणसासाठी. ब्रिटिश कोलंबियाच्या नियमांत ठरावीक अंतराने विचारपूस आहेच, शिवाय पाळी संपल्यावर माणूस कामावरून सुखरूप निघाला की नाही, हेही पाहायचं आहे. आपल्याकडे हजेरी येताना लागते.

आणि अपघाताच्या अर्जात दोन प्रश्न वाढवावेत. त्या वेळी सोबत कोण होतं, आणि हा माणूस दिसत नाही हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, किती वाजता. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांवरून कुठल्या खात्यात, कुठल्या पाळीत माणसं एकटी मरतात याची यादी वर्षभरात तयार होईल. दुसऱ्यामुळे वारसांना नुकसानभरपाईच्या दाव्यात पहिला कागद मिळेल. हे रकाने वाढवायला विधानसभेत जावं लागत नाही, खात्याचं एक परिपत्रक पुरतं.